रामकुंडावरची गर्दी मातीत कशी आणायची? आणि वाचकांचे इतर प्रश्न

मागच्या अंकात सजीव सृष्टी आणि माणसांची वस्ती बघून सिरॅमिक्समध्ये काम करणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं, प्रवाळापासून वारुळापर्यंत. त्यावर भरपूर प्रश्न आलेत, निम्मे व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि त्यातले काही तर नुसतेच फोटो, खाली "ताई हे बरोबर आहे का" एवढंच. सगळे घेणं शक्य नाही. बऱ्याच जणांच्या मनात असतील असे वाटले ते घेतले, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, कॉलेज रोडला राहते. सुट्टीत जास्वंदीचा परागकण मातीत करून बघितला. मायक्रोस्कोपखाली काय सुंदर दिसतो तो! पण माझा गोळा बघून घरच्यांनी विचारलं, हा कोरोना का? वर भट्टीत त्याचे तुकडे झाले ते वेगळंच. काय चुकलं?

उत्तर : मॅडम, आधी तुकड्यांचं बघू, ते सोपं आहे. तुम्ही गोळा भरीव केला असणार, फोटोत तुटलेल्या बाजूला आतली माती गच्च दिसतेय. भरीव गोळा वरून वाळला तरी आत ओल राहतेच, भट्टी शंभर डिग्रीच्या वर गेली की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या जवळपास १७०० पट जागा लागते, ती मिळाली नाही की ती मातीला फोडून बाहेर येते. लोक म्हणतात हवेचा बुडबुडा होता म्हणून फुटलं, पण नुसत्या हवेने सहसा काही होत नाही, खरं दुखणं ओलीचं असतं. त्यामुळे दोन वाट्या करा, अंगठ्याने दाबून दाबून, भिंत सहा-सात मिलिमीटर ठेवा, कडांवर सुईने चरे पाडून स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, लावा आणि एकमेकींवर बसवा. एक बारीक भोक ठेवायचं, विसरायचं नाही. मग गोळा जरा कडक होऊ द्या, म्हणजे बोटाने दाबला तर दबत नाही पण नखाची रेघ उमटते असा, आणि तेव्हाच काटे लावा. काटेही तेवढेच ओले हवेत. ओल्या गोळ्यावर वाळका काटा किंवा वाळक्या गोळ्यावर ओला काटा, दोन्ही गळतात. काट्याचं बूड जाड ठेवा आणि सगळं प्लास्टिकखाली झाकून सावकाश वाळवा, पंख्याखाली अजिबात नाही.

आता कोरोना. तुमचे सगळे काटे एका मापाचे आहेत आणि मोजून एकसारख्या अंतरावर लावलेत. असं करायचा मोह होतो कारण पुस्तकातली चित्रं तशीच असतात. अर्न्स्ट हेकेल नावाच्या जर्मन जीवशास्त्रज्ञाची १८९९ ते १९०४ या काळात आलेली समुद्री जीवांची चित्रं तुम्हाला माहीत असतीलच, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचं मुख्य प्रवेशद्वार त्याच्या रेडिओलेरियाच्या, म्हणजे बारीक समुद्री जीवांच्या, चित्रांवरून केलं होतं, इतकी त्यांची मोहिनी होती. पण हेकेल निसर्गाला जरा जास्तच भांग पाडून उभा करतो असं माझं मत आहे. तुम्ही स्लाइड स्वतः बघणाऱ्या बाई, तुम्हाला चित्राची गरजच काय? जास्वंदीच्या कणावर काट्यांच्या मधून मधून छिद्रं असतात ना, ज्यातून परागनलिका बाहेर येते? ती तुमच्या गोळ्यावर एकही नाही. काटे म्हणजे फुलावर येणाऱ्या पाहुण्याला चिकटायची सोय आणि छिद्रं म्हणजे बाहेर पडायची दारं, दोन्ही केलंत की तो परागकण होईल, कारण कोरोनाला दारं नसतात. आणि काटे एक-एक करून हाताने वळा, साच्यातून नाही, आपोआप थोडे कमीजास्त होतील आणि तेच पाहिजे.

प्रश्न : मी फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकच्या रामकुंडावरची गर्दी करायचीय, हजारो छोटी माणसं. एक मॉडेल करून प्लास्टरचा साचा काढायचा आणि स्लिप ओतत सुटायचं असा प्लॅन आहे. सरांना आवडला नाही. तुमचं काय मत?

उत्तर : मी सरांच्या बाजूने, पण कारण सांगते, नुसतं "हाताने केलेलं श्रेष्ठ" वगैरे नाही.

साच्यातून पाच हजार काढलेस तर बघणाऱ्याला पहिल्या पाच सेकंदांत कळतं की ही एकच व्यक्ती पाच हजार वेळा आहे. मग तो पुढे बघतच नाही. रामकुंडावर तू उभा राहिलायस ना? तिथे लांबून सगळं एक दिसतं, डोकीच डोकी, पण जवळ गेलं की एक आजी पदर खोचून पाण्यात उतरायला घाबरतेय, एक माणूस डोक्यावर कपड्यांचं गाठोडं धरून उभा आहे आणि पोरगं रडतंय. लांबून एक आणि जवळून वेगळे, ही गंमत साचा देत नाही.

अँटनी गॉर्मली या ब्रिटिश शिल्पकाराने हे कसं सोडवलं ते बघ. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स गावातल्या सुमारे शंभर लोकांना, शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, त्याने माती दिली आणि सूचना अगदी थोड्या दिल्या, हातात मावेल एवढी आकृती करा, ती उभी राहिली पाहिजे, आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं. बस. जवळपास ४० हजार आकृत्या झाल्या. त्या खोलीभर अशा मांडतात की जमीन दिसतच नाही, आपण दारात उभे राहतो आणि सगळ्या आपल्याकडे बघत असतात. पुढे २००३ मध्ये चीनमधल्या ग्वांगदाँगच्या एका गावात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी असंच काम केलं, तिथे आकडा दोन लाखांच्या घरात गेला. एकच सूचना पण हात वेगळे, म्हणून एकही आकृती दुसरीसारखी नाही. जीवशास्त्रातही हेच चालतं, एकाच झाडाची दोन पानं कुठे सेम असतात?

आता साच्याच्या बाजूनेही एक सांगते, नाहीतर सरांना वाटेल मी त्यांच्या पार्टीत गेले. चीनमध्येच शिआनजवळ १९७४ ला सापडलेली ती मातीची फौज आहे, तिथल्या सैनिकांची डोकी साच्यांतून काढलेली, पण वर हाताने माती लावून मिशा, भुवया, केस वेगळे वेगळे केलेले. म्हणजे साचा वापर, पण तिथे थांबू नकोस. किंवा त्याहून बरं, एकटा करूच नकोस. घाटावर फुलं विकणाऱ्या मावशी, गुरुजी, रिक्षावाले काका, यांना प्रत्येकी मूठभर माती दे आणि म्हण की तुम्हाला दिसलेला एक माणूस करा. दोन-चार जण हाकलतील, बाकीचे करतील. फक्त नंतर त्यांच्या आकृत्या "नीट" करत बसू नकोस, हे लिहून दे हवं तर.

प्रश्न : बोन चायनात खरंच हाडं असतात का? आमच्याकडे सासूबाई तो कपच घरात येऊ देत नाहीत.

उत्तर : असतात हो. पारंपरिक बोन चायनात निम्म्याच्या आसपास हाडांची राख असते, मुख्यतः गुराढोरांच्या हाडांची. हाडं खूप तापवून त्यातलं सगळं जाळून टाकतात आणि उरतं ते कॅल्शियम फॉस्फेट, त्याच्यामुळे तो पातळ, पांढरा आणि उजेडाला धरला तर पलीकडून बोटं दिसतील असा कप होतो. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला जोसाया स्पोडने अठराव्या शतकाच्या शेवटी हे मिश्रण पक्कं बसवलं. सासूबाई बरोबर आहेत. त्यांना साधा स्टोनवेअरचा, म्हणजे जास्त तापमानाला पक्क्या भाजलेल्या मातीचा, मग आणून द्या, त्यात फक्त माती आणि दगडाची पूड असते आणि चहाही जास्त वेळ गरम राहतो.

प्रश्न : आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत गेटच्या भिंतीवर म्युरल करायचं ठरलंय, प्रत्येक घराने एक टाईल करायची, थीम "झाड आणि आपण". चेअरमनसाहेब म्हणतात सगळ्या टाईल एकसारख्या रंगाच्या आणि चांगल्या दिसतील अशाच लावू, खराब झालेल्या बाजूला काढू. मग ज्यांची बाजूला जाईल ती माणसं मीटिंगला येतील का?

उत्तर : नाही येणार, आणि मेंटेनन्सही वेळेवर देणार नाहीत.

चेअरमनसाहेबांचं सगळंच चुकीचं आहे असं मात्र नाही. काहीतरी एक सारखं पाहिजेच, नाहीतर भिंत म्हणजे नुसती खिचडी होते. पण सारखं काय ठेवायचं ते नीट निवडा. माती एक, जाडी एक, बाहेरचा आकार एक आणि ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) दोन किंवा तीनच, एवढं कमिटीने ठरवावं. आतमध्ये ज्याला जे करायचं ते करू दे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी झाडाऐवजी नुसता एक मुंगळा केला तरी लागू दे. अशा भिंतीसमोर लोक थांबतात तेच मुळी आपलं आणि शेजाऱ्याचं शोधायला. झाडाचीच थीम आहे तर अजून एक सुचवते, टाईल चौकोनी करायलाच पाहिजे असं नाही. झाडाच्या सालीत किंवा पानाच्या शिरांमध्ये जसे वेडेवाकडे पण एकमेकांत बसणारे तुकडे असतात तसा पूर्ण भिंतीचा एक कागद करा, तो कापा आणि प्रत्येक घराला एक तुकडा द्या, त्यावर शेजारच्या तुकड्याची रेघ कुठून येते तेवढी खूण करा. म्हणजे चारशे दोनची फांदी चारशे तीनमध्ये जाणारच, पटत असो नसो.

आता मातीचं, कारण इथेच बऱ्याच सोसायट्या गंडतात. स्टोनवेअरची माती ओली असल्यापासून भाजून निघेपर्यंत दहा-बारा टक्के आटते. २५ सेंटीमीटरचा तुकडा साडेबावीसच्या आसपास किंवा थोडा कमीच होतो, म्हणून कागद आधीच मोठा काढा. सगळ्यांना एकाच लॉटची माती द्या, एकाने ऑनलाइन मागवली आणि दुसऱ्याने दुकानातून आणली तर दोन्ही वेगवेगळ्या आटतील आणि सांधे जुळणार नाहीत. जाडी एक सेंटीमीटर, मागच्या बाजूला काट्याने चर पाडायचे म्हणजे भिंतीला पकड मिळते. वाळवताना दोन जिप्सम बोर्डांच्या मध्ये ठेवा, उघड्यावर टाकल्या की कडा आधी वाळतात आणि पापडासारख्या वर उचलतात, एकदा उचलल्या की परत बसत नाहीत. बाहेरची भिंत आहे, पावसाळा आपल्याकडे चांगला चार महिने, त्यामुळे कमी तापमानाचा टेराकोटा नको, तो पाणी पितो आणि दोन वर्षांत शेवाळ धरतो. १२०० डिग्रीच्या पुढे भाजून घ्या. आणि टाईल एकमेकींना अगदी चिकटवू नका, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून ग्राउट भरा, उन्हाळ्यात भिंत तापते तेव्हा जागा लागते.

फुटलेल्या टाईल टाकू नका. तुकडे तसेच लावा, झाडाच्या सालीला भेगा असतातच.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, वय ७३. तुम्ही लोक परदेशातले कलाकार सांगता. आमच्या कुंभारवाड्यात पिढ्यान् पिढ्या माठ, पणत्या, पोळ्याचे बैल होतायत, त्याला कोणी कला म्हणत नाही. हे कसं काय?

उत्तर : काका, राग बरोबर आहे आणि मी त्यात भरच घालते.

१९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी आपल्या जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं, आणि त्याच सुमारास संगमनेरजवळच्या जोर्व्याला. जोर्व्याची भांडी बघा कधी मिळाली तर, तांबड्या अंगावर काळ्या रेघा, तोटीचे चंबू, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणतात. तीन हजार वर्षांपूर्वीचं काम, पंख्याची भट्टी नाही की थर्मामीटर नाही. त्याच जोर्वे संस्कृतीचं इनामगाव, पुणे जिल्ह्यात घोड नदीवर, तिथे डेक्कन कॉलेजने बरीच वर्षं खोदलं. तिथे एक गोष्ट सापडली ती मला कुठल्याही गॅलरीतल्या कामापेक्षा मोठी वाटते. लहान मूल गेलं की ते दोन मातीच्या कुंभांत ठेवायचे, कुंभांची तोंडं एकमेकांना जोडून आडवे, आणि पुरायचे ते लांब कुठे नाही, घरातच, जमिनीखाली. म्हणजे आई जिथे स्वयंपाक करते त्याच्याच खाली. दोन घडे तोंडाला तोंड लावले की आत पोटासारखी जागा होते, आणि ते करणाऱ्याला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. शरीर आणि वस्ती, दोन्ही त्यात आहे, आणि केलंय कोणी, तर गावच्या कुंभाराने.

कला म्हणत नाहीत त्याचं कारण मला तरी साधं दिसतं, माठाला भाव ठरलेला आहे आणि तो विचारून कमी करता येतो. गॅलरीत कोणी "दोन घेते, वीस कमी करा" म्हणत नाही. तुमच्या ओळखीचे कुंभार असतील तर वरच्या इंदिरानगरवाल्यांना त्यांच्याकडे पाठवा, मातीची तयारी त्यांच्याइतकी कोणाला कळणार नाही, फक्त मजुरी पूर्ण द्यायला सांगा.

प्रश्न : गोदावरीच्या काठची किंवा आमच्या मळ्यातली काळी माती वापरून काही करता येईल का? फुकट आहे.

उत्तर : एकटी काळी माती नको. ती बेसॉल्टपासून झालेली, पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आवळते, उन्हाळ्यात मळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तशाच तुमच्या वाडग्याला पडतील. कुंभार म्हणूनच तिच्यात गाळाची माती, राख, घोड्याची लीद असं मिसळतात. छोटे तुकडे करून वेगवेगळं प्रमाण आधी भाजून बघा. रंग मात्र मस्त येतो, लोखंडामुळे.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. शाळेत "निसर्गातील वास्तुकला" प्रोजेक्ट आहे. सगळ्यांनी मधमाशीचं पोळं घेतलंय. मला वेगळं काहीतरी सांगा जे मातीत करता येईल आणि नाशिकचं असेल.

उत्तर : दोन सांगते, तुला आवडेल ते घे.

पहिलं तुझ्या घरातच असेल. खिडकीच्या चौकटीत, मीटरच्या पेटीमागे बघ, कुंभारीण माशीचं घर सापडेल. बोराएवढा मातीचा चंबू, वर बारीकशी मान आणि बाहेर वळवलेला ओठ. ती ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि कडेने लावत लावत चढवते, आपण क्लासमध्ये मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं करतो ना, बरंचसं तसंच, फक्त तिला शिकवायला कोणी नसतं. मग आत वरून धाग्याने अंडं टांगते, अळ्या आणून ठेवते, मेलेल्या नाहीत, डंख मारून लुळ्या केलेल्या, आणि तोंड बुजवून टाकते. तू हे मोठं कर, नारळाएवढं, आणि एक बाजू कापून आतलं दाखव. घर तोडायचं नाही हं, भोक पडलेलं जुनं असेल तर तेच काढ.

दुसरं आपल्या अंजनेरीच्या डोंगरावरचं. तिथे सेरोपेजिया अंजनेरिका नावाची वनस्पती आहे, अंजनेरीवरून नाव पडलेली, कंदीलपुष्पांच्या जातीतली. या फुलांची रचना म्हणजे सापळाच असतो. वर पाकळ्यांची टोकं जुळून कंदिलासारखी जाळी, खाली लांब नळी, नळीत खालच्या दिशेने वळलेले केस. बारीक माशी वासाने आत शिरते, खाली उतरता येतं पण केसांमुळे वर चढता येत नाही. नंतर केस सुकतात आणि ती पराग घेऊन सुटते, दुसऱ्या फुलात अडकायला. मातीत नळी करणं सोपं आहे, लाटलेली पट्टी वर्तमानपत्र गुंडाळलेल्या पाइपाभोवती वळव, कागद भट्टीत जळून जातो. केसांसाठी नारळाच्या शेंड्या भाजल्यानंतर चिकटव. पावसाळ्यात फुललेली असते तेव्हा बाबांबरोबर जाऊन बघ, फोटो काढ, पण तोडू नकोस, ती फारच थोडी उरलीय.

प्रश्न : नाशिकला समुद्र नाही. मग इथले आर्टिस्ट मातीची प्रवाळं कशाला करतात? इन्स्टाग्रामसाठी?

उत्तर : काही जण हो, त्यासाठीच.

पण मूळ काम बघा. कोर्टनी मॅटिसन ही अमेरिकन बाई समुद्री पर्यावरण शिकलेली आहे आणि भिंतभर प्रवाळं करते, त्यातलं एक मोठं काम २०१८ पासून जकार्तातल्या अमेरिकन दूतावासात आहे, इंडोनेशियाच्या प्रवाळांवरचं. चॉपस्टिक आणि ब्रशच्या दांड्याने हजारो भोकं हाताने पाडते. तिच्या कामाला जोर कुठून येतो, तर प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा आणि ग्लेझमध्येही तोच पदार्थ पडतो, आणि प्रवाळ म्हणजे एक प्राणी नाहीच, हजारो छोट्या जीवांनी मिळून बांधलेली वस्ती. समुद्र तापला की ती पांढरी पडते, आणि तिच्या भिंतीवरही रंग कडेकडेने उडत जातो. हे सगळं तिने पाण्यात उतरून बघितलंय. आपण फोटोवरून भोकं पाडली तर उरते फक्त नक्षी.

नाशिकवाल्यांना वस्तीच करायची तर नांदूरमधमेश्वर तासाभरावर आहे, पक्ष्यांसाठी प्रसिद्ध, महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. हिवाळ्यात पहाटे जा. पक्षी करू नका, ते सगळे करतात. पाणी ओसरल्यावर गाळात उरलेले पायांचे ठसे बघा, एकावर एक, लहानमोठे, कोण कुठे वळलं ते सगळं दिसतं. तो गाळ म्हणजे आपलंच मटेरियल.

प्रश्न : घरच्या ओव्हनमध्ये माती भाजता येईल का? आणि फ्लॅटमध्ये काम करताना काय काळजी घ्यायची, लहान मूल आहे.

उत्तर : ओव्हनमध्ये नाही. तो अडीचशे डिग्रीपर्यंत जातो, आणि माती कायमची माती राहू नये म्हणून निदान सहाशेच्या पुढे जावं लागतं. वाळेल छान, पण पाण्यात टाकली की परत चिखल. नाशकात आता स्टुडिओवाले दुसऱ्यांचं काम पैसे घेऊन भाजून देतात, विचारून बघा.

काळजी धुळीची घ्या, बाकी माती निरुपद्रवी आहे. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये आय वेवे या चिनी कलाकाराने चीनच्या जिंगदेझेनमधल्या सुमारे १६०० कारागिरांकडून रंगवून घेतलेल्या १० कोटी पोर्सिलेनच्या सूर्यफुलाच्या बिया जमिनीवर पसरल्या होत्या, लोकांनी त्यावर चालावं म्हणून, पण धूळ उडायला लागली आणि थोड्याच दिवसांत चालणं बंद करावं लागलं. तेव्हा घरात झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. वाळलेलं काम घासायचं असेल तर मास्क लावा आणि बाल्कनीत, मूल झोपलेलं असताना. आणि हात-हत्यारं बेसिनमध्ये धुवू नका, बादलीत धुवा, रात्रभर ठेवा, वरचं पाणी कुंडीत ओता आणि खालची माती परत वापरा. प्लंबरला बोलावून नळीतून घट्ट झालेली माती काढायला लावलीत तर खालच्या मजल्यावरचे पण येतात बघायला.